मोरीतले अठ्ठ्याऐंशी खडे

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एकच वाद चालू आहे. साताऱ्याच्या माझ्या आतेभावाचे म्हणणे असे की, नुसते पडके चौथरे पाहून मुलांना काही कळत नाही. रायगडावरचे वाडे पूर्वी होते तसे पुन्हा उभे करावेत. पुण्याची चुलतबहीण म्हणते की आहे ते ढासळू देऊ नये, पण नवे काहीही बांधू नये. दोघांचीही तळमळ खरी आहे. तरीही या वादात जमिनीच्या वरचेच बोलले जाते, खालचे कोणी बोलत नाही, याची मला खंत वाटते. कारण येथे वेल्समध्ये मला इतिहास सर्वांत जवळून दिसला तो एका मोरीत.

मी राहतो त्या न्यूपोर्ट शहराला लागूनच कार्लियन हे गाव आहे. इसवी सन ७५ च्या सुमारास रोमनांच्या दुसऱ्या ऑगस्टा लष्करी पलटणीने, म्हणजे पाच हजारांहून अधिक सैनिकांनी, येथे आपला कायमचा किल्ला उभारला आणि जवळजवळ त्याबरोबरच दगडी स्नानगृहही बांधायला घेतले. थंड, कोमट आणि गरम अशी एकामागून एक दालने, फरशीखाली विटांच्या बुटक्या खांबांचे रान, भट्टीतली गरम हवा त्या खांबांमधून फिरून फरशी तापवणार, आणि बाहेर उघड्यावर ४१ मीटर लांबीचा, सुमारे ३,६५,००० लिटर पाणी मावेल असा तलाव, असा हा सगळा पसारा होता. १९७७ ते १९८१ या काळात येथे मोठे उत्खनन झाले. आज तलावाचा आणि थंड दालनाचा काही भाग छपराखाली पाहता येतो. बाकीचे स्नानगृह अजूनही गावातल्या घरांखाली आहे.

या भव्य तलावापेक्षा मला थंड दालनाखालून जाणारी सांडपाण्याची मोरी मोठी वाटते. तिच्यातला गाळ उत्खननात चाळून पाहिला गेला, आणि त्यातून ८८ कोरीव खडे निघाले. हे अंगठीतले खडे होते. उष्णता आणि वाफ यांमुळे खडा धरून ठेवणारा डिंक सैल होई, खडा निखळे आणि पाण्याबरोबर मोरीत जाई. संग्रहालयाच्या काचेपलीकडे ते मांडले आहेत: करंगळीच्या नखाएवढा दगड, त्यावर एखादा देव किंवा प्राणी, आणि तोही उलटा कोरलेला, कारण मेणावर ठसा सुलटा उमटायला हवा. खडा हरवला म्हणजे त्या माणसाची मोहोरच हरवली. त्याने त्या दिवशी किती शोधाशोध केली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्याच गाळात बायकांच्या केसांतले आकडे निघाले, मणी निघाले आणि लहान मुलांचे दुधाचे दातही निघाले. कोंबडीची हाडे आणि मटणाच्या बरगड्या निघाल्या, म्हणजे आंघोळीला आलेली माणसे तेथे बसून खातही होती. पलटणीचा किल्ला म्हटले की फक्त पुरुष, शिस्त आणि शस्त्रे असे चित्र आपण रंगवतो. ते चित्र अपुरे आहे हे सिद्ध केले ते शिलालेखाने नव्हे, तर गाळातल्या एका दुधाच्या दाताने.

‘तिकडच्या लोकांना जुन्याची किंमत असते, आपल्याला नाही,’ हे घरच्या वादात हमखास येणारे वाक्य मला मात्र मान्य नाही. इंग्लंडमधील चेस्टर येथेही असेच रोमन पलटणीचे स्नानगृह होते, आणि त्याचे अवशेष उत्तम स्थितीत होते. १९६३-६४ मध्ये बाजारसंकुल बांधताना त्यांचा बहुतांश भाग यंत्रांनी उखडून टाकला गेला. आज ब्रिज स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या तळघरात फरशीखालचे थोडे खांब तेवढे शिल्लक आहेत. ते नुकसान आता कशानेही भरून येणार नाही.

आतेभावाच्या भावनेलाही मी कमी लेखत नाही. कार्लियनमध्येच गवताने झाकलेल्या एका गोल खड्ड्याला लोक दंतकथांतल्या राजाच्या नावावरून पिढ्यान् पिढ्या ‘राजा आर्थरचे गोलमेज’ म्हणत. १९२६-२७ मध्ये तेथे खणायला पैसा मिळाला तो या आख्यायिकेमुळेच. ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने त्यासाठी निधी दिला. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर लंडनला गेल्यावर त्यांची पत्नी टेसा व्हीलर यांनी उत्खननाचा बराचसा भार उचलला, आणि निघाले ते रोमन प्रेक्षागार. आर्थरच्या नावावर पैसा आला म्हणून त्यांनी आर्थरचा दरबार काही ‘सापडवला’ नाही. जे निघाले तेच छापले.

हेच व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. त्याआधी इंग्लंडमध्ये मेडन कॅसलच्या उत्खननात त्यांच्या हाताखाली डॉ. ह. धी. सांकलिया यांनी काम केले होते. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून सांकलियांनी मो. गं. दीक्षितांसह कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन केले. याच ब्रह्मपुरीने पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती दिली, जी आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. थर पाहून हळूहळू खणण्याची ही विद्या आपल्याकडे ऐंशी वर्षांपासून नांदते आहे. ती परदेशातून नव्याने आणायची नाही.

म्हणून घरच्या वादात माझे मत असे. रायगडावर राणीवशातल्या महालांना शौचकूप आहेत, राजगडावरही आहेत. पर्यटक ते पाहून ‘त्या काळीसुद्धा!’ म्हणतात आणि पुढे जातात. त्या शौचकुपांखाली, वाड्यांच्या मोऱ्यांत आणि टाक्यांच्या तळाशी जो गाळ आहे, त्यात गडावर रोज राबणाऱ्या माणसांचा हिशेब असू शकतो: त्यांनी काय खाल्ले, काय हरवले, त्यांची मुले गडावर होती की नव्हती. बखरी आणि पत्रे यांतले बरेचसे सांगत नाहीत. एखाद्या चौथऱ्यावर नवा वाडा चढवायचा तर पाया खणावा लागतो, आणि तो खणताना हा थर कायमचा जातो. मात्र ‘आहे तसे राहू द्या’ एवढ्यावर थांबणेही मला पुरेसे वाटत नाही, कारण टाक्यांतला गाळ स्वच्छतेच्या मोहिमांत उत्साहाने उपसला जातो, आणि तो चाळल्याशिवाय दरीत ढकलला तर नुकसान तेच होते.

आतेभाऊ दर पावसाळ्यानंतर मित्रांसह गडावरची टाकी साफ करायला जातो, घाम गाळून काम करतो. या वेळी त्याला फोनवर मी एवढेच विनवले आहे की, फावडे लावण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या माणसाला बोलवा, आणि तो हो म्हणाला तरच, तोही सांगेल तसा, गाळ बारीक जाळीच्या चाळणीतून पाण्याने धुऊन काढा. तो म्हणाला, “दादा, चाळणी केवढ्या भोकाची आणू?”