ढोबळी मिरचीत नर-मादी नसते

ठाण्यातील गृहसंकुलांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो: ढोबळी मिरची उलटी करून पाहावी, बुडाशी चार उंचवटे असतील तर ती मादी, गोड, भरपूर बियांची आणि कच्ची खाण्याजोगी, तीन असतील तर नर, केवळ शिजवण्यासाठी. जांभळी नाक्यावर भाजीवाल्यापुढे ढिगातल्या मिरच्या उलट्या करून पाहणारी गिऱ्हाइके मी पाहिली आहेत, म्हणून हा प्रतिवाद.

मूळ चूक फळाला लिंग चिकटवण्यात आहे. ढोबळी मिरचीचे लहानसे पांढरे फूल द्विलिंगी असते; पुंकेसर (नर भाग) आणि स्त्रीकेसर (मादी भाग) एकाच फुलात नांदतात. परागकण कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, रुजला की त्याची नलिका कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या दांड्यातून, खाली अंडाशयात उतरते आणि तिथल्या बीजांडात दोन पुंयुग्मके (नर जननपेशी) सोडते. त्यांपैकी एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण घडतो, तर दुसऱ्याचा बीजांडाच्या मधल्या पेशीतील दोन ध्रुवीय केंद्रकांशी संयोग होऊन भ्रूणाची शिदोरी, म्हणजे भ्रूणपोष, तयार होतो. सपुष्प वनस्पतींचे हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन या शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर बीजांडाची बी होते आणि अंडाशयाची भिंत फुगून आपण चिरतो ती मिरची होते. अंडाशय हा स्त्रीकेसराचाच भाग असल्यामुळे ‘नर फळ’ हा वदतोव्याघात ठरतो. शिवाय त्या तथाकथित नर मिरचीच्या पोटातही बिया असतातच; संदेश लिहिणाऱ्याने एखादी चिरून पाहिली असती, तर बोटांचे कष्ट वाचले असते.

मग उंचवटे कशाचे? अंडाशय ज्या अंडपांच्या, म्हणजे स्त्रीकेसराच्या घटकांच्या, जुळण्याने बनतो, त्यांच्या संख्येचे. ही संख्या वाण आणि फूल घडतानाची परिस्थिती यांनुसार बदलते. कोपरखैरण्यात आमच्या गॅलरीतील एकाच रोपाने तीन उंचवट्यांची आणि चार उंचवट्यांचीही मिरची दिली.

बियांची संख्या किती बीजांडांचे फलन झाले यावर अवलंबून असते. गोडीचा संबंध पिकण्याशी आहे: हिरवी ढोबळी मिरची अपक्व असते, तीच झाडावर लाल किंवा पिवळी झाली की गोड लागते.

समजूत अगदीच हवेतून आलेली नसावी. पपईत नर, मादी आणि द्विलिंगी अशी वेगवेगळी झाडे असतात, आणि मादी झाडाची फळे गोलसर तर द्विलिंगी झाडाची लांबट होतात. तेथे आकारावरून झाडाचे लिंग खरोखर ओळखता येते, फळाचे नव्हे. दुधी, भोपळा, कारले यांच्या एकाच वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगळी येतात. ‘दुधीची फुले गळतात’ म्हणून हळहळणाऱ्यांनी पाकळ्यांखाली इवलासा दुधी दिसतो का, ते पाहावे. तो नसेल तर ते नरफूल आहे आणि ते गळणारच. मादीफुलेही गळत असतील, तर नरफुलातील पराग त्यांच्या कुक्षीवर हाताने लावावा. दुधीच्या बाबतीत संध्याकाळी, कारण त्याचे पांढरे फूल तेव्हाच उमलते, आणि भोपळ्याच्या बाबतीत भल्या सकाळी.