व्हिडिओत येताय, काका

"काका, थोडं साइडला व्हा ना, व्हिडिओत येताय."

हे वाक्य मला कुणी ऐकवावं? विशी-बाविशीच्या एका पोरानं. तो जन्मायच्या आधी माझ्या डीप पर्पल या रॉक बँडच्या कॅसेटची फीत तीनदा गुंतून पेन्सिलीनं गुंडाळून झाली होती. आणि कधी ऐकवावं? मुंबईतल्या रॉक शोमध्ये समोर सत्तरीला टेकलेला गिटारवाला डोळे मिटून सोलो वाजवतोय तेव्हा. बँडचं नाव सांगत नाही, कारण त्यांचा काही दोष नाही. ते बिचारे जीव तोडून वाजवत होते. दोष आहे तो मैदानात पैसे देऊन उभ्या असलेल्या बहिऱ्यांचा.

मी परभणीचा. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आम्हीच आमच्या गावाबद्दल म्हणतो. त्यातल्या जर्मनीचं मला माहीत आहे. तिथल्या हॅनोव्हरमधून 1965 साली निघालेले स्कॉर्पियन्स हे रॉकवाले साठ वर्षांनंतरही स्टेजवर उभे आहेत. परभणीत मात्र आजतागायत एकही रॉक बँड आलेला नाही आणि यायचाही नाही. आमच्याकडं लाइव्ह म्हणजे वरातीतला डीजे, नाहीतर कुणाच्या तरी वाढदिवसाचा ऑर्केस्ट्रा. छत्रपती संभाजीनगरात वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो, तिथं शास्त्रीय ऐकायला मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण डबल बेस ड्रम छातीवर आदळवून घ्यायचा असेल तर देवगिरी एक्सप्रेस पकडायची आणि रात्रभर हलत साडेपाचशे किलोमीटर मुंबई गाठायची. दुसरा रस्ता नाही.

माझं बी-बियाणं, खतांचं दुकान आहे. त्यामुळं मी सगळं सोयाबीनमध्ये मोजतो, सवयच ती. 2024-25 चा हमीभाव होता 4,892 रुपये क्विंटल, आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. तिकिटाला सात हजार गेले. म्हणजे शेतकऱ्यानं पेरून, खुरपून, काढून, मळून आणलेलं जवळपास दीड क्विंटल सोयाबीन मी दोन तासांच्या गाण्यासाठी मोजलं. वर "सुविधा शुल्क" म्हणून आणखी काहीतरी कापलं. कसली सुविधा? मीच माझ्या मोबाईलवरून तासभर रांगेत थांबून तिकीट काढलं! बायकोला सांगितलं तीन हजार. (ती हे वाचणार नाही अशी आशा आहे.)

गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली, आत दुप्पट-तिप्पट भावानं तेच पाणी. हे आता सगळ्यांना पाठ झालंय, त्यावर काय बोलायचं. पुढचा पट्टा कठडे लावून आणखी महाग विकलेला, तेही सोडा. मला राग कशाचा आला सांगू? त्या महागड्या पट्ट्यातले निम्मे लोक स्टेजकडं पाठ करून उभे होते. सेल्फीत मागं स्टेज यायला पाहिजे ना! चाळीस-पन्नास वर्षं गाणारा माणूस तुमच्यासाठी घसा फोडायलाय आणि तुम्ही त्याच्याकडं पाठ करता? आमच्या गावच्या कीर्तनात असं कुणी बसलं असतं तर बुवांनी गाथा बाजूला ठेवून आधी त्याचीच पूजा बांधली असती.

आणि बोलणं. बोलणं संपतच नाही. माझ्या डाव्या हाताला चौघं होती. पहिल्या गाण्यापासून फ्लॅटच्या हप्त्यावर चर्चा. ठाण्यात घ्यावा का पनवेलला. सावकाश गाणं सुरू झालं की ह्यांचा आवाज चढतो, कारण आता एकमेकांचं ऐकू येतंय! मधेच एकजण विचारतो, "अरे, ते फेमस गाणं कधी आहे?" मग ते फेमस गाणं येतं, सगळे मोबाईल एकदम वर जातात, पहिल्या दोन ओळी किंचाळून होतात, पुढचे शब्द कुणालाच येत नाहीत. पुन्हा पनवेल.

2008 च्या 1 फेब्रुवारीला आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड मुंबईत आला होता, बांद्रा-कुर्ला संकुलात. त्या जागतिक दौऱ्याचा तो पहिलाच शो. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग 757 विमान चालवत बँडला घेऊन आलेला. मी आलेलो लाल डब्यानं, कारण रिझर्वेशन मिळालं नव्हतं. त्या रात्री त्यांनी 1984 च्या अल्बममधलं ते तेरा मिनिटांचं गाणं वाजवलं, इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवरचं. त्या कवितेत एक म्हातारा खलाशी लग्नाला निघालेल्या पाहुण्याला दारातच अडवतो आणि आपली कहाणी सांगत बसतो. पाहुण्याचा जीव आत चाललेल्या लग्नात, पण म्हाताऱ्याच्या नजरेनं तो जागीच खिळतो आणि ऐकून घेतो. माझ्या शेजारच्या पाहुण्याला काही कुणी खिळवू शकलं नाही. तेरा मिनिटांत दोनदा तो "संपलं का?" म्हणाला आणि एकदा वडापाव आणायला गेला. लग्नात पंगत कधी बसते म्हणून मांडवात चुळबुळणारा सोयरा असतो ना, डिट्टो तसा.

त्याच रात्री मी आयुष्यातला मोठा गाढवपणा केला. शेवटची ट्रॅव्हल्स सायनवरून साडेदहाची होती. दुसऱ्या दिवशी दुकानात माल उतरणार होता. बँड एकदा आत गेला तसा मी गेटकडं पळालो. मागून पुन्हा ड्रम सुरू झाल्याचं ऐकू आलं. नंतर कळलं, ते परत आले आणि शेवटी 'हॅलोड बी दाय नेम' वाजवलं. ज्या गाण्यासाठी मी गेलो होतो, तेच. मी तेव्हा रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होतो. त्या दिवशी कानाला खडा लावला, की माल कुजला तरी चालेल, शेवटचा दिवा विझेपर्यंत मैदान सोडायचं नाही.

आता माझा दरवेळचा हिशोब ठरलेला आहे. शो बघायचा, सीएसएमटीला जाऊन पिशवी उशाला घेऊन आडवं व्हायचं, सकाळची तपोवन एक्सप्रेस पकडायची. वय पन्नाशीकडं चाललंय, कंबर धरते, पण ठीक आहे. म्हणूनच डोकं फिरतं हो! मी असा फलाटावर झोपायच्या तयारीनं उभा आणि अंधेरीला राहणारा माणूस शेवटच्या दोन गाण्यांआधी निघतो. का? तर "पार्किंगमधून गाडी काढायला वेळ लागतो." उघड्या मैदानातला भोंगा रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळं बँडच्या हातात तसाही घड्याळातलाच वेळ असतो. तेवढाही तुम्हाला जड होतो? घराजवळ देऊळ आणि दर्शनाला वेळ नाही, तशातली गत.

माझा एक दोस्त आहे, तो 2011 च्या ऑक्टोबरात मेटालिका या अमेरिकन बँडसाठी सचखंड एक्सप्रेसनं पार दिल्लीला गेला होता. गुडगावचा शो ऐनवेळी रद्द झाला, चिडलेल्या लोकांनी स्टेजची मोडतोड केली. दोन दिवसांनी बंगळुरूला त्यांचा शो झाला, पण हा पठ्ठ्या तोवर परतीच्या गाडीत. आजही विचारलं तर म्हणतो, "जाऊ दे की, कामून चिडायलास? सचखंडमध्ये लंगरचं जेवण मस्त मिळालं." मला त्याचा हेवा वाटतो. रद्द झालेल्या शोचं एक बरं असतं, तो कुणी तुमच्या डोळ्यांदेखत नासवत नाही.

हे लोक कायमचे नाहीत, हे कुणाला कळतच नाही का? मोटरहेडचा लेमी 2015 मध्ये गेला. डीप पर्पलचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड त्याच्याही आधी, 2012 ला. ब्लॅक सबाथचा गायक ओझीनं 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅममध्ये खुर्चीवर बसून शेवटचा शो केला आणि 22 जुलैला तो गेला. ड्रमर निको मॅकब्रेननं 2024 च्या डिसेंबरात मेडनबरोबर दौरे करणं थांबवलं. आमच्यासारख्यांना एकेक बँड आयुष्यात एकदाच दिसणार, तेही लांबून, तेही उधारी वसूल झाली तर. आणि ती एक वेळ मी कशी घालवली, तर ऐका.

त्या पोरानं मला बाजूला व्हायला सांगितलं, आणि मी झालो. मराठवाड्याचा माणूस, भिडस्त. मग त्यानं दोन्ही हात वर करून मोबाईल धरला तो बरोब्बर माझ्या नाकासमोर. खरा गिटारवाला झाकला गेला. त्याच्या जागी स्क्रीनवर अंगठ्याएवढा गिटारवाला. आजूबाजूला आणखी शंभर मोबाईल, मान कुठंही वळवा, तेच. मी टाचा उंचावल्या, तर त्याच्या मैत्रिणीला कुणीतरी खांद्यावर घेतलं. अखेर मी तो स्क्रीनच बघू लागलो. सोलो ऐन टिपेला पोचला आणि गिटारवाल्याच्या डोक्यावरून पट्टी सरकली, "मम्मी: जेवलास का?" पोरानं अंगठ्यानं ती उडवली. तोवर सोलो संपला होता.

दुसऱ्या दिवशी तपोवननं उतरलो तो तडक दुकानात. गिऱ्हाईक बसलेलंच होतं, पोखर्णीकडचे एक आबा. म्हणाले, "कुठं गेलतास?"

"मुंबईला. गाणं ऐकायला."

"आरं, त्याच्यासाठी एवढ्या लांब? आता सगळं मोबाईलवर दिसायलंय की."

त्यांना काय सांगणार. मीपण मोबाईलवरच बघून आलो होतो, आणि तोही दुसऱ्याच्या.