बांधून ठेवलेल्या इंजिनात मीठ घालू नका, ते पाच मिनिटं सुरूही करू नका

रविवारी सकाळी मुलुंडहून काकांचा फोन. "अरे, जाडं मीठ अर्धा किलो पुरेल ना?" कशाला विचारलं, तर म्हणाले, इंजिनाला. मग त्यांनी पावसाळ्यात बंद इंजिन कसं सांभाळावं यावरचा एक फॉरवर्ड पाठवला. तो मला आधीच तीन ग्रुपवर आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर काका वाण्याकडे निघाले नसते.

काकांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली. एप्रिलमध्ये इंजिन पूर्ण खोललं. बोअरिंग (सिलिंडर आतून कातणं), नवे पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंड, नवी बेअरिंगं, सगळं झालं. मिस्त्रींनी ते लोखंडी फ्रेमला बांधून वीस-पंचवीस मिनिटं चालवूनही दाखवलं. पण गाडीचा फ्लोअर कुजलाय, पत्र्याचं काम दिवाळीआधी होत नाही. म्हणजे इंजिन अख्खा पावसाळा तळमजल्यावरच्या खोलीत बसणार.

फॉरवर्डमधले सल्ले थोडक्यात असे. ओल शोषायला कार्बोरेटरच्या आणि सायलेन्सरच्या तोंडाशी जाड्या मिठाच्या पुरचुंड्या बांधा. दर आठवड्याला इंजिन पाच मिनिटं सुरू करा, तेल फिरतं, गंज चढत नाही. प्लगच्या भोकातून खोबरेल सोडा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. तेल बदलू नका, नवं फुकट जाईल. आणि शेवटी ठसक्यात, "मिलिटरीत असंच करतात."

मिठापासून सुरुवात करतो, कारण ते वाचून माझं डोकं फिरलं. मुंबईत राहणाऱ्या माणसाने हे लिहावं? जुलैत आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत काय होतं ते बघा. पाणी सुटतं, म्हणून आई त्यात तांदळाचे दाणे टाकते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि पावसाळ्यात इथे आर्द्रता बहुतेक वेळ ८० च्या वरच असते. म्हणजे ती पुरचुंडी ओल शोषून गप्प बसणार नाही. तिचं खारं पाणी होणार आणि ते मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांमधून, खाली उतरणार. चारांपैकी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतोच, तिथून ते थेट बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. त्यात आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोअरिंगला आणि सुट्या भागांना हजारो रुपये घालून वर दहा रुपयांच्या मिठाने ते मातीत घालायचं?

आता ती पाच मिनिटं. हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, म्हणून जास्त घातक. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, आणि थोडंथोडकं नाही, एका लिटरमागे जवळपास लिटरभर. नुसत्या आयडलिंगला तासाला लिटरभर पेट्रोल धरलं, तरी पाच मिनिटांत एक कटिंग चहाइतकं पाणी होतं. बरंचसं वाफ होऊन बाहेर जातं. उरलेलं थंड भिंतींवर धरतं आणि रिंगांच्या बाजूने खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. नव्या रिंगा अजून बसलेल्या नसतात, त्यामुळे इथे ते जास्तच उतरणार. तेलातून पाणी उडून जायला तेल चांगलं तापावं लागतं. पाच मिनिटांत ते कोमटही होत नाही. दर आठवड्याला हेच केलं की चार महिन्यांनी ऑइलच्या झाकणाखाली पांढरट, दुधाळ चिकटा सापडतो. शिवाय तळमजल्याच्या बंद खोलीत इंजिन चालवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याने माणसं मरतात.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. लायकॉमिंग ही विमानांची इंजिनं बनवणारी अमेरिकन कंपनी. तिचं सर्व्हिस लेटर एल-१८० याच विषयावर आहे. जमिनीवर थोडा वेळ इंजिन चालवल्याने गंज कमी होत नाही, उलट वाढतो, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. दमट भागात नव्या इंजिनाच्या सिलिंडरवर दोन दिवसांतही गंज सापडल्याचं ते सांगतात. ५० तास चाललेल्या इंजिनाच्या भिंतींवर मात्र एक चिवट थर बसलेला असतो, तो काही आठवडे सांभाळून घेतो. विमानाचं इंजिन वेगळं, मान्य. पण काकांचं इंजिन अर्धा तासही चाललेलं नाही. सिलिंडर घासताना भिंतीवर पाडलेल्या होनिंगच्या रेघा अजून कोऱ्या आहेत, तिथे तो थर कुठून येणार?

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगतो. गाडीत बसलेलं, रन-इन झालेलं (चालून भाग एकमेकांत नीट बसलेलं) इंजिन आठवड्याला एकदा सलग वीस-पंचवीस किलोमीटर पळवलं, तेल नीट तापलं, तर ते चांगलंच. प्लास्टिकही चुकीचं नाही, पण आतली हवा कोरडी असेल तरच. नाहीतर दमट हवाच आत कोंडली जाते आणि गारवा आला की तिचे थेंब धातूवर जमतात.

खोबरेलाबद्दल एवढंच, की शिलाई मशीनला खायचं तेल घालून ती जाम झालेली ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. पहिल्यांदा चालवलेल्या तेलात धातूचा कीस आणि ज्वलनाची आम्लं असतात, त्यात नवी बेअरिंगं महिनोन्महिने बुडवून ठेवू नका. आणि लष्करात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि प्रिझर्वेटिव्ह (गंजरोधक) ऑइल वापरतात, मीठ नाही.

त्याच दुपारी मी मुलुंडला गेलो. जुनं तेल काढून गंजरोधक इंजिन ऑइल भरलं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे तेच तेल सोडलं, क्रँक हाताने चार फेऱ्या फिरवला आणि पुन्हा एकेक चमचा घातलं. आता क्रँकला कोणी हात लावायचा नाही, कारण दर फेरीला रिंगा भिंतीवरचं तेल पुसून नेतात. पुशरॉडना जागेप्रमाणे नंबर घालून, व्हॉल्व्ह दाबून उघडणारा रॉकर शाफ्ट उतरवला, त्यामुळे आठही व्हॉल्व्ह बंद बसले. सगळी तोंडं पॅकिंग लावून पत्र्याने बंद केली. उघड्या मशीन केलेल्या भागांना ग्रीस लावलं. मग सिलिका जेलच्या पुड्यांसकट इंजिन व्हीसीआयच्या पारदर्शक पिशवीत घालून तोंड सील केलं. ही पिशवी गंज रोखणारी वाफ सोडते, निर्यातीचे सुटे भाग यातच पॅक होतात.

इंजिन आता जमिनीपासून तीन फुटांवर, लोखंडी टेबलावर आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तळमजल्यावर कुठलीही किंमती वस्तू ठेवताना मला तो आकडा आठवतो. पिशवीला पुठ्ठा बांधलाय. त्यावर लिहिलंय: "सेल्फ मारण्याआधी रॉकर शाफ्ट बसवा, प्लग काढून आतलं तेल बाहेर काढा, तेल बदला." सिलिकाचे दाणे बाहेरून दिसतात, सध्या निळे आहेत. दर पंधरा दिवसांनी काका बघणार आहेत, आणि गुलाबी, म्हणजे ओलावलेले, दिसले की मला फोन करणार आहेत.