दिसता, पण उघडणा नाय

चतुर्थीला मुंबईहून येणारे चाकरमानी पूर्वी पेढे आणायचे, आता हार्ड डिस्क आणतात. यंदा चुलतभावाने १ टीबीची आणली. तिच्यात गावच्या जत्रेतले दशावतार भरलेले होते. रात्रीची आरती आटोपली आणि मोदक जिरवत अख्खं घर माझ्या कॉम्प्युटरसमोर बसलं. आमच्या कुडाळच्या घरात मोठा पडदा त्या एकाच यंत्राला आहे आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स आहे. पहिल्या गोष्टीमुळे दुसरी सहन केली जाते.

डिस्क लावली. दिवा लुकलुकला, नावही आलं. क्लिक केल्यावर मात्र एक खिडकी उघडली: फाइल सिस्टीम चुकीची, किंवा पर्याय चुकीचा, किंवा सुपरब्लॉक खराब, किंवा कोडपेज नाही, किंवा मदतनीस प्रोग्राम नाही, किंवा आणखी काही. चोर कोण विचारल्यावर अख्ख्या वाडीची मतदार यादी पुढे करावी, तसला हा संदेश.

"काय झाला रे?" काकी.

"दिसता, पण उघडणा नाय."

"मगे दिसता कित्याक?"

प्रश्न बिनतोड होता. विंडोजवाल्यांना डी, ई, एफ अशी अक्षरं मिळतात. लिनक्समध्ये सगळ्या फाइलींचं एकच झाड. बाहेरून आलेली डिस्क त्याच्या एखाद्या फोल्डरला जोडली, म्हणजे माउंट केली, तरच आतलं दिसतं. डिस्क ओळखणं वेगळं, जोडणं वेगळं. हे मी काकीला समजावू लागलो तेवढ्यात आबांनी केबल उपसून तिच्यावर फुंकर मारली आणि पंच्याने पुसली. खाऱ्या हवेत पिना गंजतात, त्यामुळे हा उपाय अगदीच खुळा नाही. पण जोडलेल्या डिस्कांची यादी देणारी 'एलएसबीएलके' आज्ञा मारल्यावर एसडीबी१, म्हणजे आमची डिस्क, ठणठणीत दिसत होतं, फक्त माउंटपॉइंटचा रकाना रिकामा. केबल निर्दोष सुटली.

मग 'डीमेसेज'. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, ही रोजनिशी शेवटून वाचायची असते. खाली लिहिलेलं: वॉल्यूम डर्टी आहे आणि फोर्स फ्लॅग दिलेला नाही.

मी भावाकडे वळलो. "मुंबईत डिस्क काढताना इजेक्ट करतोस ना?"

"छे! उपटतो. आजवर काय झालं नाय."

झालं होतं. एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टीमची, डिस्क लिहिण्यासाठी जोडली की तिच्यावर एक खूण पडते आणि रीतसर सोडवली की पुसली जाते. उपटली, तर ती तशीच राहू शकते. लिनक्सचा एनटीएफएस३ ड्रायव्हर पॅरागॉन कंपनीने दिला, २०२१ मध्ये ५.१५ कर्नलबरोबर आला. अशी खूण दिसली की तो लिहिण्याच्या परवानगीने डिस्क जोडतच नाही. फोर्स देऊन घुसता येतं. 'एनटीएफएसफिक्स'ने खूणही पुसता येते, पण विंडोजचं 'चेकडिस्क' करतं तशी पूर्ण तपासणी त्यात होत नाही. त्याच डिस्कवर भावाच्या लग्नाचे फोटो होते आणि वहिनी मागेच बसलेली होती. मी दोन्ही पर्यायांना लांबूनच नमस्कार केला.

दशावतार बघायचाच होता, त्यात काही लिहायचं कुठे होतं? 'सुडो माउंट'ला 'ओ आरओ' जोडलं, म्हणजे नुसतं वाचायला. डिस्क मुकाट उघडली, झांजा वाजल्या, संकासूर आला आणि माझ्या ज्ञानाची किंमत त्याच क्षणी शून्य झाली. "येवढा साधा होता तर इतको वेळ काय करी होतस?" आबा म्हणाले.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. मुंबईची तुतारी एक्सप्रेस पकडायची म्हणून भाऊ बॅग भरत होता आणि डिस्क सोडवणारं 'यूमाउंट' सांगत होतं, टार्गेट बिझी. कोण बिझी? पोरांनी संकासुराला मध्येच थांबवून प्लेअरची खिडकी खाली दडवली होती. कुठली फाइल कोणी उघडी ठेवली ते सांगणारं 'एलएसओएफ' लिहून मी ती खिडकी हुडकेपर्यंत रिक्षा दारात आली. भावाने नेहमीप्रमाणे डिस्क उपटली, खिशात टाकली आणि म्हणाला, "बघ, काय होत नाय."

नुसती वाचायला जोडलेली डिस्क उपटली तर तिच्यात नवा बिघाड व्हायचं कारण नसतं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.