पस्तिसाच्या खाली बाळ नापास

सर्वप्रथम अभिनंदन. बाळ सहा महिन्यांचं झालं, डोस द्यायला नेलंत, आणि डॉक्टरांनी तक्त्यावर १५ आणि ५० च्या रेघांमध्ये एक टिंब काढून सांगितलं, "वजन पंचविसाव्या पर्सेंटाईलला आहे, छान." यातलं 'छान' ताबडतोब विसरा. पंचवीस तेवढे लक्षात ठेवा. आपल्याकडे पस्तिसाला पास करतात, म्हणजे पोर शाळेत जायच्या आधीच गटांगळ्या खातंय.

डॉक्टर म्हणतील, अहो, हे मार्क नव्हेत. त्याच वयाची शंभर निरोगी मुलं वजनाप्रमाणे ओळीत उभी केली, तर तुमच्या बाळाच्या मागे साधारण पंचवीस आणि पुढे पंचाहत्तर, एवढाच त्याचा अर्थ. कोणीतरी पंचविसावं असणारच. ऐकू नका. ओळ म्हटली की पुढे घुसायचं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. आपल्या सोसायटीतली सगळीच बाळं पन्नासाच्या वर असली पाहिजेत. गणित आडवं येतं, पण त्याला पुढे क्लास लावता येईल.

आता वजन. महिन्यातून एकदा पुरे म्हणतात, तुम्ही रोज करा. बाथरूममधल्या काट्यावर आधी बाळाला घेऊन उभे राहा, मग एकटे, मग वजाबाकी. मधल्या वेळात तुम्ही चहा-खारी उरकलेली असली तरी आलेला आकडा अंतिम. दवाखान्यात मात्र तयारीनं जा. सिस्टर कपडे काढायला सांगतील, तेव्हा थंडीचं कारण पुढे करा. स्वेटर राहू द्या. भिजलेला डायपर म्हणजे दीडदोनशे ग्रॅमची घसघशीत कमाई, ती हातची घालवू नका. वाळे आणि मनगट्या आजीनं घातल्यात, त्या काढायच्या नसतात, हे ठणकावून सांगा.

आमच्याकडे हे सगळं यथासांग झालं. पाचव्या महिन्यात मुलगी ६ किलो ८४० ग्रॅम भरली. आजींनी स्वतःच्या पेनानं कार्डावर लिहून वर गोल केला. पुढच्या महिन्यात ऊन तापलं, स्वेटर पेटीत गेला, वाळे घट्ट झाले म्हणून उतरवले, आणि डायपर नेमका कोरडा निघाला. भरली ६ किलो ८००. मुलगी चाळीस ग्रॅमनं 'उतरली'. दोन दिवस घरात कोणाला घास गेला नाही. मुलगी सोडून.

लांबीचंही तसंच. दोन वर्षांपर्यंत मूल झोपवून मोजतात, मग उभं करून, आणि उभं केलं की साधारण सात मिलिमीटर कमी भरतात. म्हणजे दुसऱ्या वाढदिवसाला पोर आखडतं. याचं खापर सुनेच्या माहेरावर फोडण्याची पद्धत आहे. दोन्हीकडचे आजोबा पाच फूट तीन इंच आहेत, हा विषय त्या दिवशी काढू नका.

"हे तक्ते परदेशी, आपल्या मुलांना कसे लागू पडणार?" हा प्रश्न जरूर विचारा, अभ्यासू वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये हे तक्ते काढले ते ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत अशा सहा देशांतली सुमारे ८,५०० मुलं पाहून, आणि आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीतली होती. कोणी हे काढलंच, तर म्हणा, "दिल्लीवाले तूप खातात." त्याआधीचा अमेरिकी तक्ता बहुतेक बाटलीच्या दुधावरच्या मुलांचा होता. अंगावर पिणारी बाळं पहिले काही महिने भराभर वाढतात आणि मग जरा सावकाश, त्यामुळे त्या तक्त्यावर ती उगीच मागे पडलेली दिसायची. म्हणून तर नवा केला. तुम्ही मात्र चौथ्या महिन्यात वेग मंदावला की आईच्या दुधाकडे संशयानं बघा, घरातले सगळे बघतातच.

डॉक्टरांचा खरा जीव त्या टिंबांना जोडणाऱ्या रेघेत असतो. १५ च्या रेघेवरचं पोर महिनोन्‌महिने तिच्यावरूनच चाललं, खेळतंय, हसतंय, तर ते खुशाल असतात. असल्या बाळाला तुम्ही बदाम, खारीक, शेजारणीचा सल्ला, सगळं चालू करा. याउलट ८५ वरचं मूल ५० वर आणि तिथून १५ वर घसरत आलं, तर डॉक्टर चष्मा सावरून पुन्हा पुन्हा कार्ड बघतील. तुम्ही बिलकूल काळजी करू नका. गाल आहेत ना अजून? मग झालं. वर दृष्ट काढा.

सातव्या महिन्यात आजी स्वतः बरोबर आल्या. स्वेटर नाही, डायपर नाही, वाळे नाहीत. मुलीला नुसती काट्यावर ठेवली. आकडा स्थिर व्हायची वाट बघत सगळे वाकलो, तेवढ्यात तिनं पाय वर करून निवांत शू केली, धार थेट सिस्टरच्या पदरावर.

"आता करूया वजन," सिस्टर पदर पिळत म्हणाल्या.

"आता काय करता," आजी हळहळल्या, "चांगले चाळीस ग्रॅम गेले."