तेराच्या तेरा सामने जिंका आणि तरी बाहेर बसा

आज, ३ डिसेंबर २०२३ ला दुपारी, अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा चॅम्पियन ठरवणाऱ्या प्लेऑफची यादी जाहीर झाली. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. पाचवं नाव आमचं, फ्लोरिडा स्टेटचं. जागा चारच, त्यामुळे पाचव्या नावाला काही अर्थ नाही. आमची पोरं सगळी एकत्र बसून टीव्ही बघत होती आणि नाव आलं नाही तेव्हाचे त्यांचे चेहरे कॅमेऱ्याने सगळ्या देशाला दाखवले. एकोणीस-वीस वर्षांची मुलं आहेत हो ती. मी टीव्ही बंद केला. दोन तास कुणाशी बोलले नाही. आता लिहायला बसलेय, तेव्हा लांबण लागणार.

पुण्या-सांगलीच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते, इथल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात यंदा १३३ संघ आहेत. ते वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापल्या लीगमध्ये, वाटलेले. मोठ्या कॉन्फरन्स पाच. आमची एसीसी, अलाबामाची एसईसी. प्रत्येक संघ बारा सामने खेळतो, वर कॉन्फरन्समधल्या दोन संघांची फायनल. मग १३ जणांची एक समिती बंद खोलीत बसते आणि चार संघ निवडते. २०१४ पासून हे असं चाललंय. या सगळ्या वर्षांत मोठ्या पाचांपैकी एखाद्या कॉन्फरन्सचा विजेता एकही सामना न हरता आला आणि समितीने त्याला बाहेर ठेवलं, असं एकदाही झालं नव्हतं. आज झालं. १३-० असताना, म्हणजे तेरा जिंकून शून्य हरलेले असताना, झालं.

कारण काय दिलं? आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी आहे. समितीचे अध्यक्ष बू कॉरिगन टीव्हीवर म्हणाले की, त्याच्याशिवाय हा संघ पहिल्या अकरा आठवड्यांतला संघ राहिलेला नाही.

जॉर्डनचा पाय मोडला त्या रात्री मी स्टेडियममध्ये होते. १८ नोव्हेंबर, नॉर्थ अलाबामाविरुद्धचा सामना. शेजारचे आजोबा मला घेऊन गेले होते. (आमच्या घरात सगळेच त्यांना आजोबा म्हणतात, त्यांनाही तो शब्द आता पाठ झालाय.) बॉबी बाउडेन कोच होते तेव्हापासून त्यांच्याकडे सीझनची दोन तिकिटं आहेत. आजी गेल्यापासून दुसऱ्या खुर्चीवर कधी त्यांचा मुलगा असतो, कधी मी. पहिल्याच क्वार्टरमध्ये जॉर्डन चेंडू घेऊन पळाला, खाली पडला आणि उठलाच नाही. पाय बघून डॉक्टरांनी हाताने खूण केली आणि ती छोटी गाडी मैदानात आली. डोक कॅम्पबेल स्टेडियम एरवी इतकं गरजतं की माझ्या घराच्या अंगणात ऐकू येतं. त्या वेळी समोरच्या रांगेतल्या बाईंचं रडणं ऐकू येत होतं. पाहुणे एका टप्प्यावर १३-० ने पुढे होते. आमच्या मागची दोन कुटुंबं उठून गेली. मीही पर्स उचलली. आजोबा म्हणाले, "बस खाली. मैदानात अकरा जण असतात."

त्यानंतर सलग ५८ गुण. ५८-१३. टेट रोडमेकर नावाचा पोरगा, वर्षानुवर्षं बाकावर बसून राहिलेला, तो आत आला आणि संघाने सामना उचलून नेला.

मग समितीने कुठला संघ बघितला? कारण मी तरी एक संघ बघितला त्या रात्री. क्वार्टरबॅक गेला म्हणून जो संपला नाही असा.

पुढच्या शनिवारी गेन्सव्हिलला, फ्लोरिडाच्या घरच्या मैदानावर, ०-१२ वरून २४-१५. त्यात रोडमेकरच्या डोक्याला मार लागला. मग काल शार्लटला एसीसीची फायनल तिसऱ्या क्वार्टरबॅकने खेळायची वेळ आली. ब्रॉक ग्लेन, पहिल्या वर्षाचा मुलगा. पास फेकून जेमतेम ५५ यार्ड मिळाले त्याला. हो, ऑफेन्स वाईट होता, मान्य. बघवत नव्हता. पण लॉरेन्स टोफिली पळाला, ११८ यार्ड पळाला, आणि डिफेन्सने लुइव्हिलसारख्या दहा सामने जिंकून आलेल्या संघाला सहा गुणांवर रोखलं. १६-६. दोन क्वार्टरबॅक गमावून कॉन्फरन्स जिंकली. माझ्या लेखी ही संघाची ताकद आहे. समितीच्या लेखी हा त्याचा दोष.

आणि मला हे सांगा. जॉर्डन पडला १८ तारखेला. त्यानंतर २८ नोव्हेंबरला याच समितीने, याच १३ जणांनी, आम्हाला चौथ्या क्रमांकावर ठेवलं होतं. तेव्हा त्याचा पाय बरा होता का? अलाबामा तेव्हा आठवी. त्यानंतर आम्ही एक सामना खेळलो, फायनलचा, तो जिंकलो आणि पाचवे झालो. जिंकून खाली गेलो! अलाबामा जॉर्जियाला २७-२४ हरवून आठवरून थेट चारवर. जॉर्जियाला हरवणं सोपं नाही, २९ सामन्यांची विजयी मालिका होती त्यांची. मोठा विजय आहे, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी आमची जागा का?

का, ते सगळ्यांना माहीत आहे. अलाबामा सप्टेंबरमध्ये टेक्ससकडून हरली होती, स्वतःच्या घरी, टस्कलूसात, ३४-२४. म्हणजे अलाबामाला आत घ्यायचं तर टेक्ससला आधी आत घ्यावंच लागणार. मिशिगन आणि वॉशिंग्टन एकही सामना न हरलेले, त्यांना हात लावता येत नाही. उरलं कोण? आम्ही. अलाबामाला बाहेर ठेवलं असतं तर प्लेऑफ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच एसईसीचा एकही संघ चौघांत नसता. हे त्यांच्या गळी उतरलं नाही. बाकी सगळी कारणं नंतर शोधलेली आहेत.

अटलांटाच्या माझ्या मैत्रिणीचा दुपारीच मेसेज आला. "अगं, पण एसईसी किती अवघड आहे! गेली चार वर्षं तिथलाच संघ चॅम्पियन होतोय." बरोबर आहे. एलएसयू, अलाबामा, मग दोनदा जॉर्जिया. पण ते गेल्या चार वर्षांचे संघ होते ना? त्यांच्या पुण्याईवर या वर्षीच्या अलाबामाला जागा का मिळावी? या वर्षीची अलाबामा साउथ फ्लोरिडासमोर १७-३ अशी अडखळत जिंकली. आठ दिवसांपूर्वी ऑबर्नविरुद्ध शेवटच्या मिनिटाला चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि ३१ यार्ड बाकी अशी अवस्था होती. पास लागला, जिंकले. नसता लागला तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं नसतं.

आणि एसईसीशी तुलनाच करायची तर करू ना. एलएसयूशी आम्हीही खेळलो आणि अलाबामाही खेळली. आम्ही ऑरलँडोत ४५-२४ ने जिंकलो, घरचं मैदान नसताना. अलाबामा स्वतःच्या घरी ४२-२८ ने. समान प्रतिस्पर्ध्याविरुद्ध काय झालं ते बघा, हे समितीच्या स्वतःच्या नियमांत लिहिलंय. खेळाडूंची दुखापत लक्षात घेता येईल, हेही लिहिलंय, ते मला माहीत आहे, कुणी कमेंटमध्ये चिकटवायला जाऊ नका. पण नियम दोन्ही असतील तर एकच का दिसला?

ज्यांना वाटतं की दुसऱ्या-तिसऱ्या क्वार्टरबॅकवर भरवसा ठेवता येत नाही, त्यांनी २०१४ आठवावं. पहिल्याच प्लेऑफचं वर्ष. ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक गेले, तिसरा कार्डेल जोन्स उभा राहिला. समितीने त्यांना घेतलं. त्यांनी आधी अलाबामाला हरवलं, मग ओरेगनला, आणि चॅम्पियन झाले. ते फायनल ५९-० जिंकून आले होते आणि आम्ही १६-६, हा फरक आहे. असू दे. ते त्या वर्षी एक सामना हरलेलेही होते, आम्ही नाही.

माझ्या क्रिकेटवाल्या भावंडांनो, तुम्हाला तरी हे लगेच कळावं. ऑक्टोबरमध्ये गहुंज्याच्या मैदानावर हार्दिक जायबंदी झाला आणि वर्ल्ड कपमधून बाहेर गेला. तेव्हा कुणी म्हणालं का की भारत आता वेगळा संघ आहे, सेमीफायनलला पाचव्या क्रमांकाच्या संघाला पाठवू? त्याच्या जाण्याने शमीला जागा मिळाली आणि वानखेडेवर त्याने न्यूझीलंडच्या सात विकेट काढल्या. मैदानात उतरू दिलं म्हणून ते दिसलं. जॉर्डन पडला त्याच रात्री घरी येऊन मी पहाटे साडेतीनला अहमदाबादची फायनल लावली होती. हरलो आपण. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण खेळून हरलो. त्या हरण्यात अन्याय नव्हता. आजचं मन खातंय ते त्यामुळे.

जॉर्डनने आज काय लिहिलंय वाचलंत का? माझा पाय या सीझनमध्ये आणखी लवकर मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपेक्षा मोठा आहे हे तुम्हाला दिसलं असतं. आणि शेवटी माफी मागितलीय त्याने. पाय मोडून घेतलेल्या मुलाने माफी मागितली! हे वाचून मला रडू आलं. त्याच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं आणि पुढे विचार करवेना. त्या १३ जणांपैकी एकाने तरी फोन करून त्याला सांगावं की बाळा, यात तुझी काही चूक नाही.

हा संघ कुठून आला हे इथल्या लोकांना विचारा. कोच माइक नॉरव्हेल आले त्या वर्षी, २०२० मध्ये, ३-६. पुढच्या वर्षी जॅक्सनव्हिल स्टेटसारख्या लहान कॉलेजने आमच्याच मैदानावर शेवटच्या क्षणी आम्हाला हरवलं. नॉरव्हेलना काढा म्हणून गावभर बोंब होती. माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. मग १०-३. मग १३-०. पोरं सोडून गेली नाहीत, दुसऱ्या कॉलेजात जाणं इतकं सोपं झालेलं असतानाही कितीतरी जण थांबले. आज नॉरव्हेल म्हणाले की मैदानावर कमावलेलं काही थोड्या लोकांनी काढून घेतलं, कारण सामन्यांच्या निकालापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं त्यांना वाटलं. यात मी एक अक्षर बदलणार नाही.

संध्याकाळी आजोबांकडे गेले होते. डब्यात थोडा शिरा नेला, दुसरं काय करणार. त्या रात्री "बस खाली" म्हणणारा माणूस आज फार बोलला नाही. म्हणाले, २०१७ ला ऑरलँडोच्या यूसीएफ या कॉलेजनेही एकही सामना गमावला नव्हता आणि समितीने त्यांना बाराव्या क्रमांकावर टाकलं होतं. मग त्यांनी पीच बोल नावाच्या सीझननंतरच्या सामन्यात ऑबर्नला हरवलं. त्याच ऑबर्नने त्या वर्षी अलाबामा आणि जॉर्जिया दोघांनाही हरवलं होतं आणि नॅशनल फायनल खेळले कोण, अलाबामा आणि जॉर्जिया! "तेव्हा सगळे म्हणाले, लहान कॉन्फरन्स आहे, चालायचंच. आता आपण मोठे असून तेच." आजोबांचं खरं आहे. या वर्षीही लिबर्टी १३-० आहे आणि त्यांचं नाव आज कुणाच्या तोंडी नव्हतं. त्यांचं वेळापत्रक सोपं होतं, हे मान्य. पण कुठल्या कॉन्फरन्समध्ये जन्मलात यावर दार उघडायचं की नाही ठरणार असेल, तर बाकीच्या शंभर कॉलेजांनी सप्टेंबरमध्ये मैदानात उतरायचंच कशाला?

ईएसपीएन या क्रीडा चॅनेलबद्दलही लिहिणार होते. पुढच्या वर्षीपासून एसईसीचे सगळे मोठे सामने त्यांच्याकडे, प्लेऑफ त्यांच्याकडे, आणि निवडीचा कार्यक्रमही त्यांच्याच चॅनेलवर. पण एसीसीचे सामनेही तेच दाखवतात, तेव्हा त्यांनीच कट केला असं मी म्हणणार नाही. मला फक्त एवढं दिसतं की दिवसभर ज्या स्टुडिओत अलाबामाचे गोडवे गायले जातात तिथेच यादीही वाचली जाते, आणि ते बरं दिसत नाही.

पुढच्या वर्षी बारा संघ होणार, मग असं होणार नाही, असं नवरा मघाशी म्हणाला. होईल की. तेव्हा बाराव्या आणि तेराव्यात भांडण लागेल आणि तेव्हाही खोलीतले १३ जण ठरवतील की एसईसीचा तीन सामने हरलेला संघ दुसऱ्या कुणाच्या दोन हारींपेक्षा भारी. आणि या मुलांना पुढच्या वर्षीचं काय? यातले कितीतरी शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांना हे एकच वर्ष होतं.

३० डिसेंबरला ऑरेंज बोल आहे, जॉर्जियाशी. किती जण खेळतील कुणास ठाऊक. एनएफएलची, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची, तयारी करणाऱ्यांनी आता आपलं शरीर जपलं तर मी त्यांना दोष देणार नाही. निकाल काहीही लागो, तो दाखवून "बघा, समितीचं बरोबर होतं" असं मला कुणी सांगायला येऊ नका. ज्याच्यासाठी खेळत होते ते काढून घेतल्यावरचा सामना आहे तो.

अलाबामाच्या बाजूने लिहायचं असेल त्यांनी जरूर लिहा, मी उत्तर देईन. आधी एवढंच सांगा: २८ नोव्हेंबरला चौथा असलेला संघ कोणता सामना हरून पाचवा झाला?