खुलासा : ‘फ्लाउंडर’ माशाच्या तक्त्याबद्दल

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गटांवर फिरणारा तक्ता रविवारी मीच पुढे पाठवला होता. कोरिया आणि जपान फ्लाउंडर हा चपटा मासा पकडून अफाट कमावतात, भारताच्या रकान्यात शून्य, म्हणजे आपल्या दर्याला हा मासा माहीतच नाही, असा त्याचा सूर. तो चुकीचा आहे. न तपासता पाठवला, माफ करा.

पहिली चूक चलनाची. वॉन, येन आणि डॉलर एकाच रकान्यात रुपये समजून मांडलेत. एका रुपयाला दहाहून जास्त वॉन मिळतात. त्यामुळे कोरियाचा आकडा एवढा फुगलेला दिसतो. शिवाय कोरियातला हा मासा बहुतांशी जेजू बेटासारख्या ठिकाणी टाक्यांत वाढवलेला असतो. ती पकड नव्हे, शेती. बंदरावरचा पहिला लिलाव आणि दुकानातला भाव यांचीही तुलना होत नाही.

आणि ते शून्य? आपल्याकडे चपट्या माशांची नोंद वेगळ्या गटात होते, त्यात सर्वांत जास्त भरतो तो लेप. काल बाजारात मावशींनी लेपाची खरखरीत कातडी एका ओढीत सोलून दाखवली. दोन्ही डोळे एकाच बाजूला. फ्लाउंडरचा तो नातलगच, फक्त जात वेगळी. कारवार-मालवणचे लोक तो पिढ्यान्‌पिढ्या खातात.

तो तक्ता कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासाही टाका.